मास्क श्वासाचे कष्ट कमी करतो, हे कळलं कसं?

निवांत बसलेल्या माणसाला श्वास घ्यायचे कष्ट जाणवतच नाहीत. शरीर वापरतं त्या ऑक्सिजनचा ५ टक्क्यांहूनही कमी वाटा श्वासाच्या स्नायूंना पुरतो. धाप लागलेल्या रुग्णात हा वाटा अनेक पटींनी वाढतो. मानेचे स्नायू ताठ होतात, फासळ्यांमधली जागा आत ओढली जाते, एक वाक्य सलग बोलवत नाही. अशा वेळी सीपॅप (सतत एकाच दाबानं हवा देणारं मशीन) किंवा बायपॅपचा (श्वास घेताना जास्त, म्हणजे वरचा, आणि सोडताना कमी, म्हणजे खालचा दाब देणारं मशीन) मास्क लावतात. हा मास्क स्नायूंचा भार खरोखर किती उचलतो, हे मात्र मास्क वापरात आल्यावर जवळपास अर्ध्या शतकानं मोजलं गेलं.

१९३६ साली लंडनमध्ये डॉक्टर पोल्टन यांनी हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी साचलेल्या रुग्णांना मास्कमधून दाबानं हवा दिली. हवा यायची ती व्हॅक्यूम क्लीनरच्या पंख्यातून. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर ॲल्व्हन बॅराक (Barach) हेही त्याच वाटेवर होते. पुढे १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत गळ्याला छेद देऊन नळीवाटे हवा देण्याची पद्धत यशस्वी ठरली आणि मास्क बराच काळ मागे पडला.

श्वासाचं काम मोजण्याची सुरुवात झाली ती विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावर जाणाऱ्या वैमानिकांना दाबानं ऑक्सिजन द्यावा लागे. त्यासाठी अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात जो अभ्यास सुरू झाला, त्यातूनच ओटिस, फेन आणि रान या संशोधकांनी १९५० मध्ये श्वासाच्या कामाचं गणित मांडलं. किती दाब लावून किती हवा हलवली, यावरून काम काढायचं. दाब मोजायला अन्ननलिकेत एक छोटा फुगा सोडतात. छातीच्या पोकळीतला चढउतार तिथं उमटतो.

मास्क परत आला तो झोपेतून. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी झोपेत घसा मिटून श्वास अडकणाऱ्या रुग्णांना नाकावाटे सतत दाब दिला. इथं काम एवढंच, की घसा उघडा ठेवायचा.

माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात मोलाचा भाग सीओपीडीचा, म्हणजे श्वासमार्ग कायमचा अडवणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा आहे. या रुग्णांच्या श्वासनलिका अरुंद असतात. मागचा श्वास पुरता बाहेर पडण्याआधीच पुढचा सुरू होतो आणि हवा आत कोंडते. समजा, या कोंडलेल्या हवेचा दाब ८ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका आहे. मग रुग्णाला आधी तेवढा जोर लावावा लागतो आणि त्यानंतर कुठे हवेचा पहिला थेंबभर झोत आत येतो. हा छुपा दाब पेपे आणि मॅरिनी यांनी १९८२ मध्ये दाखवून दिला. बायपॅपचा खालचा दाब हा अडथळा बराचसा फेडतो, वरचा दाब श्वास आत घ्यायला हात देतो. १९९४ मध्ये अपेंडिनी आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं, की दोन्ही दाब एकत्र दिले की श्वासपटलाचे कष्ट एकेकट्या दाबापेक्षा जास्त उतरतात. पाठोपाठ १९९५ मध्ये ब्रोशार यांच्या ८५ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले: नेहमीच्या उपचारांत ७४ टक्के रुग्णांना श्वासनलिकेत नळी घालावी लागली, मास्क लावलेल्यांत २६ टक्के. मृत्यूचं प्रमाण २९ वरून ९ टक्क्यांवर आलं.

फुप्फुसालाच इजा झालेली असते तेव्हा गणित बदलतं. २००५ मध्ये लेर आणि सहकाऱ्यांना आढळलं, की नुसत्या सीपॅपनं ऑक्सिजन सुधारला, पण स्नायूंचे कष्ट हलके झाले नाहीत. त्यासाठी वरच्या दाबाची जोड लागली. म्हणून बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा पाहून निर्धास्त होणं मला धोक्याचं वाटतं. श्वासाचा वेग उतरला का, मानेचे स्नायू सैलावले का, हे पहिल्या तास-दोन तासांतच पाहायला हवं. मास्कच्या कडेनं हवा गळत असेल तर श्वास संपल्याचं मशीनला उमगत नाही, ते हवा देतच राहतं, आणि रुग्णाला त्या झोताविरुद्ध श्वास सोडावा लागतो.