आतड्यातले जिवाणू प्रयोगशाळेत ‘वाढतच नाहीत’?

नाशिकमध्ये मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्या मुलांकडून अजूनही ऐकू येतं: आतड्यातले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. हे खरं नाही. त्यांतल्या अनेकांना हवेतला ऑक्सिजनच मारतो. ब्रिटनच्या सँगर इन्स्टिट्यूटमधल्या गटाने २०१६ मध्ये ऑक्सिजनविरहित पेटीत, एकाच माध्यमावर (जिवाणूंच्या खाद्यावर), विष्ठेतल्या १३७ प्रजाती वाढवून दाखवल्या. काही नमुने आधी इथेनॉलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये ठेवले. बाकीचे जिवाणू मेले, बीजाणू (काही जिवाणूंची टणक, सुप्त रूपं) तगले आणि पित्तक्षार, म्हणजे पित्तातले क्षार, मिळताच उगवले. फार सुंदर युक्ती! मात्र वाढवलेल्या जिवाणूचा जीनोम (सगळा डीएनए) वेगळा निघाला, म्हणून त्याला नवी प्रजाती ठरवण्याचं काम संपत नाही. रूढ नियमांनुसार जिवंत स्ट्रेन (त्या जिवाणूचा वाढवलेला वाण) दोन वेगवेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहांत जमा करावा लागतो. असा एक राष्ट्रीय संग्रह आपल्या शेजारी, पुण्यातच आहे.