वणवा-धोका पातळी आणि घरगुती हवामान केंद्र (खानदेश)

वणवा-धोका पातळी : रानातले गवत, पालापाचोळा व झुडपे ठिणगी पडताच किती सहज पेटतील आणि लागलेली आग किती वेगाने पसरेल, याचा हवामानाच्या मोजमापांवरून बांधलेला अंदाज. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस यांतून एक आकडा काढतात व त्याला ‘कमी’, ‘मध्यम’, ‘अतितीव्र’ अशी नावे व रंग देतात. गच्चीवरच्या हवामान केंद्राचे सॉफ्टवेअर हे गणित आपोआप करते. मात्र त्यातली सूत्रे व पायऱ्या (कोणत्या आकड्यापासून कोणते नाव द्यायचे त्या खुणा) बहुतेक ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका आणि स्वीडन या देशांतल्या रानांसाठी ठरवलेल्या असतात. खानदेशात त्या जशाच्या तशा वापरल्या, तर शिमग्यापासून मृगापर्यंत पडद्यावर एकच लाल रंग राहतो आणि रोज लाल दिसणाऱ्या पडद्याकडे आठवड्याभरात कोणी बघेनासे होते. म्हणून पायऱ्या स्थानिक हवेशी जुळवून घेणे हेच या विषयातले मुख्य काम आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या उत्तरेला सातपुड्याचे पानगळीचे रान आहे. यावल अभयारण्य (स्थापना १९६९, क्षेत्र १७७.५२ चौ. किमी), पालचा परिसर, अक्राणी आणि तोरणमाळ हा त्याचाच भाग. थंडी सरताच सागाची पाने गळतात व उतारांवर वाळक्या पानांचा थर साचतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन विभागाचा आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी गवत-पाला काढून मोकळे केलेले पट्टे, काढायच्या असतात. आग बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागते. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पाने फुटावीत म्हणून झुडपे जाळतात. वावरात गव्हाचे काड, बांधावरचे गवत किंवा उपटलेल्या पऱ्हाट्या पेटवताना आग हाताबाहेर जाते. धोका-पातळी ठिणगी कधी पडेल ते सांगत नाही. पडली तर पुढे काय होईल, एवढेच सांगते.

सर्वांत सोपा चँडलर निर्देशांक फक्त तापमान व आर्द्रता घेतो, म्हणून हौशी केंद्रांत तो बराच आढळतो. त्यात ५० च्या आत ‘कमी’, ९७.५ च्या वर ‘अतितीव्र’. जानेवारीच्या दुपारी ३० अंश व ३० टक्के आर्द्रतेला तो ६२ च्या आसपास, म्हणजे ‘मध्यम’ येतो. मार्चअखेर ३८ अंश व २० टक्क्यांना १०५ होतो आणि मे महिन्यात ४४ अंश व १२ टक्क्यांना १५६ वर जातो. आकडा चुकलेला नसतो. मोजपट्टीवरच्या खुणा अपुऱ्या पडतात. १०५ चा दिवस आणि १५६ चा दिवस यांत जमीन-अस्मानाचा फरक असूनही दोघांना एकच नाव मिळते. स्वीडनच्या आंगस्ट्रॉम निर्देशांकात आर्द्रतेला २० ने भागून त्यात २७ व तापमान यांच्या फरकाचा दहावा हिस्सा मिळवतात. २ च्या खाली आला की आग लागण्याची दाट शक्यता समजायची. वर सांगितलेल्या जानेवारीच्या दुपारीच तो १.२ असतो, मे महिन्यात तर उणे १.१. खानदेशासाठी हा निर्देशांक सरळ बाजूला ठेवावा.

मॅकार्थर यांचा ऑस्ट्रेलियन निर्देशांक वारा आणि रान किती सुकले ते सांगणारा ० ते १० असा दुष्काळ-गुणकही घेतो. १९३९ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात लागलेल्या भीषण वणव्यांच्या दिवसाला १०० धरून त्याची मोजपट्टी आखली होती. ४४ अंश, १२ टक्के, ताशी १५ किमी वारा व पूर्ण दुष्काळ-गुणक असे घातले की उत्तर ५१ येते. म्हणजे मे महिन्यातही वर चढायला जागा उरते आणि वाऱ्याचा दिवस शांत दिवसापासून वेगळा दिसतो. खानदेशासाठी तयार सूत्र निवडायचे तर हे अधिक उपयोगी. २००९ च्या वणव्यांनंतर ऑस्ट्रेलियाने या निर्देशांकाच्या सहा पातळ्या केल्या. सप्टेंबर २०२२ पासून तिथे चारच पातळ्या आहेत आणि त्यांचे गणितही निराळे आहे. जुन्या सूत्राला नव्या चार पातळ्यांची नावे चिकटवलेले सॉफ्टवेअर आढळले, तर आधी ती दुरुस्त करावीत.

जुळवणीची सुरुवात एककांपासून होते. वीडब्ल्यूएक्ससारखे मोफत सॉफ्टवेअर, सेटिंग बदलली नाही तर, नोंदी फॅरनहाइट, इंच आणि मैल यांतच साठवते, पडद्यावर सेल्सिअस दिसत असले तरी. मॅकार्थरच्या सूत्रात ४४ च्या जागी १११ गेले की ५१ ऐवजी ५०० च्या घरातला आकडा येतो. ही चूक निदान लगेच दिसते. वाऱ्याची चूक मात्र गुपचूप राहते. ताशी १५ किमीच्या जागी ९.३ मैल गेले तर उत्तर ४५ येते आणि पातळी एक पायरी खाली घसरते. कोणाला शंकाही येत नाही.

वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर, उघड्यावर मोजलेला असावा, अशी या सूत्रांची अपेक्षा असते. परसात दोन मीटरच्या खांबावर किंवा केळीच्या बागेच्या आडोशाला वारा त्यापेक्षा पुष्कळ कमी भरतो. मोकळ्या शिवारातही दोन मीटरवरचा वेग साधारण सव्वापट करावा लागतो. बागेच्या आत तर कोणताही गुणक विश्वासाचा नाही. धाब्याच्या घरावर किंवा पत्र्यावर लावलेला तापमापक छपराची धग मोजतो. अशा केंद्रावरून सातपुड्याचा अंदाज करताना उंचीही लक्षात घ्यावी : तोरणमाळ जळगावपेक्षा सुमारे ९०० मीटर उंच आहे, तेव्हा दुपारचे तापमान पाच-सहा अंशांनी उतरते.

कॅनडाची अग्नि-हवामान पद्धत सर्वांत बारकाईची आणि इथे सर्वांत नाजूकही. ती मध्यान्हीची मोजमापे व मागच्या २४ तासांचा पाऊस घेते. सॉफ्टवेअरमधला ‘आजचा पाऊस’ मध्यरात्रीपासून मोजलेला असतो, म्हणून तो तसाच जोडू नये. मध्यान्ह ते मध्यान्ह अशी बेरीज वेगळी करावी लागते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची, जळगाव ७५.६ च्या आसपास. त्यामुळे इथली खरी मध्यान्ह सरासरीने साडेबाराच्या सुमारास येते.

तिचा दुष्काळ-संकेतांक, म्हणजे जमीन खोलवर किती सुकली ते दाखवणारा आकडा, कालच्या आकड्यावर आजची भर घालत चढतो. ठरावीक सुरुवात १५ पासून, कारण कॅनडात बर्फ वितळल्यावर जमीन ओली असते. खानदेशात ती अवस्था परतीच्या पावसानंतर येते. ऑक्टोबरच्या मध्याला १५ पासून सुरू केले तर दुपारच्या ३२ अंशांना रोज सुमारे ७ गुणांची भर पडते आणि पाऊस झाला नाही तर मार्चच्या मध्याला आकडा हजाराच्या घरात असतो. तेच केंद्र मार्चमध्ये नवे बसवून १५ वर सोडले, तर पाच महिन्यांच्या कोरड्या रानाला ते नुकतेच भिजलेले समजते. सर्व चुकांत ही सर्वांत घातक, कारण ती धोका कमी दाखवते. दिवसमानाचा तक्ताही (दिवसाच्या लांबीनुसार या गणितात मिळवायचे आकडे) तपासावा : कॅनडाच्या तक्त्यात जानेवारीला उणे १.६ आहे, विषुववृत्ताजवळच्या भागासाठी बारमाही १.४ वापरतात. २१ अंश अक्षांशावरच्या, जानेवारीतही जवळपास ११ तासांचा दिवस असलेल्या खानदेशाला दुसरा आकडा जवळचा.

एवढे झाल्यावर पायऱ्या नव्याने आखाव्यात. त्यासाठी हंगामातल्या प्रत्येक दिवसाचा कमाल निर्देशांक लिहून ठेवावा आणि दोन-तीन वर्षांचे आकडे चढत्या क्रमाने लावावेत. वरच्या ३ टक्के दिवसांना ‘अतितीव्र’, त्याखालच्या ७ टक्क्यांना ‘तीव्र’ अशी विभागणी करता येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय पद्धतीतही ९० व ९७ शतमानाच्या, म्हणजे ९० व ९७ टक्के दिवस ज्यांच्या खाली राहतात त्या आकड्यांच्या, खुणा रूढ आहेत. १२१ दिवसांच्या हंगामात मग लाल रंग तीन-चार दिवसच उमटतो. त्या दिवशी बांध पेटवू नका, असे गावात सांगितले तर लोक ऐकतात. चार महिने सांगून ऐकत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही.

आखलेल्या पायऱ्या खऱ्या आगींशी ताडून पाहता येतात. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या उपग्रहाधारित सूचनांत आगीची जागा व वेळ मिळते. आपल्या तालुक्यातल्या आगी आणि त्या दिवसांचे निर्देशांक शेजारी मांडले की पायरी कुठे सरकवायची ते कळते. मोहाच्या दिवसांत ‘मध्यम’ पातळीलाही आगी दिसतात. त्या हवेमुळे लागलेल्या नसतात, म्हणून त्यांच्यासाठी पायरी खाली ओढू नये. तो काळ पडद्यावर वेगळ्या खुणेने दाखवावा.