भार कळतो कुणाला, हाड बांधतं कोण?

‘भार पडला की ऑस्टिओब्लास्ट (हाड बांधणाऱ्या पेशी) जागे होतात आणि हाड बळकट होतं.’ वाक्य खोटं नाही, पण त्यात निरोप्या गाळलाय. भार पडल्याचं मुख्यतः ओळखतो तो ऑस्टिओसाइट, हाडाच्या आत राहणारी पेशी. नावं सारखी, घराणंही एकच, म्हणून गल्लत होते.

ऑस्टिओब्लास्ट हा गवंडी. हाडाच्या पृष्ठभागावर रांगेने बसून तो आधी कोलॅजनचा थर घालतो, मग त्यात कॅल्शिअम-फॉस्फेट भरतं. वेग दिवसाला साधारण १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काम फार तर काही महिन्यांचं. मग बरेचसे गवंडी मरतात, काही पृष्ठभागावरच चपटे होऊन पडून राहतात आणि थोडे आपणच बांधलेल्या भिंतीत चिणले जातात. हे चिणलेले म्हणजेच ऑस्टिओसाइट. प्रौढ हाडातल्या दर दहा पेशींपैकी नऊ तरी ह्याच, आणि त्यांतल्या कित्येक वर्षानुवर्षं जगतात.

प्रत्येक ऑस्टिओसाइट पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळीत असतो. त्याचे डझनावारी तंतू मायक्रॉनहूनही अरुंद नळ्यांतून शेजाऱ्यांपर्यंत पोचतात. गंमत अशी, की जोरात धावतानाही हाडाची लांबी हजारात एक-दोन भागच बदलते. प्रयोगशाळेत पेशी ताणून बघितल्या, तर त्यांना जाग यायला याच्या कैक पट ताण लागतो. मग एवढंसं वाकणं कळतं कसं? वाकलेल्या बाजूचा द्रव पिळून नळ्यांतून पळतो आणि तंतूंना घासत, ओढत जातो. पेशीच्या आवरणातली पिएझो१ सारखी दारं उघडतात, कॅल्शिअम आत शिरतं. पुढच्या काही तासांत ऑस्टिओसाइट स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन बनवणं कमी करतो. स्क्लेरोस्टिन हा गवंड्यांवरचा ब्रेक. तो सैल झाला की बांधकाम सुरू. अंथरुणाला खिळलं की उलटं: ब्रेक आवळला जातो, शिवाय हाड कुरतडणाऱ्या ऑस्टिओक्लास्टना बोलावणारं रँकएल हे प्रथिन वाढतं. २००७ मध्ये उंदरांतले बहुतेक ऑस्टिओसाइट मारून मागचे पाय अधांतरी ठेवले, तेव्हा पायांचं हाड नेहमीसारखं झिजलं नाही. भार गेल्याची बातमी द्यायलाच कुणी उरलं नव्हतं.

नुसतं वजन धरून उभं राहण्याचा फायदा कमी का, तेही यात आलं: द्रव एकदा सरकतो आणि थांबतो. पक्ष्याच्या पंखातल्या हाडावरच्या १९८४ च्या प्रयोगात रोज ३६ वेळा भार दिल्यावर जेवढं हाड वाढलं, १८०० वेळा देऊनही त्याहून जास्त वाढलं नाही. म्हणजे शेकडो उड्या एका दमात मारण्यापेक्षा थोड्या-थोड्या, मध्ये काही तास सोडून मारणं शहाणपणाचं. हाडं आधीच ठिसूळ असतील तर मात्र उड्या डॉक्टरांना विचारूनच.

रक्ततपासणीतलं पी१एनपी किंवा हाडाचं अल्कलाइन फॉस्फटेज गवंड्याचं काम मोजतं, निरोप्याचं नाही. ठिसूळ हाडांवरच्या रोमोसोझुमॅब या औषधाचं इंजेक्शन मात्र थेट निरोपच अडवतं: महिन्याला २१० मिलिग्रॅम, १२ महिने. स्क्लेरोस्टिन बांधलं जातं, भार न पडताही गवंडी कामाला लागतात. गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांना ते देत नाहीत. कोर्स संपल्यावर झीज रोखणारं दुसरं औषध लगेच सुरू करावं लागतं, नाहीतर कमावलेली घनता पुन्हा उतरते.