जुनी फियाट किंवा पद्मिनी आमच्याकडे देण्यापूर्वी

गॅरेजच्या दारात पहिल्यांदा येणारे बहुतेकजण आधी रंगाचं बोलतात. मोबाइलवर कुठल्या तरी रॅलीतला फोटो असतो. "असा मरून करायचाय, टप क्रीम." रंग करूच. पण तो सगळ्यात शेवटी असतो. त्याआधी गाडीचं काय काय उघडावं लागतं आणि का, हे घरी निवांत वाचता यावं म्हणून हे पत्रक.

आम्ही फियाट ११०० च्या घरातल्या गाड्या करतो. म्हणजे जुनी 'डुक्कर' फियाट, १९६४ पासूनची डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी नावाने कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली गाडी. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर बहुतेकींना स्टिअरिंगपाशी, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदवली गेली होती. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही गेली. टॅक्सी होत्या तोवर सुटा माल कुठेही मिळायचा. आता शोधावा लागतो, नाहीतर बनवून घ्यावा लागतो. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाले हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे बुश आणि पिन यांची चिंता नाही. काचेचं रबर, दिव्याच्या काचा आणि क्रोमच्या पट्ट्या यांची मात्र आहे. तुमच्या गाडीवरची पट्टी वाकडी असली तरी टाकू नका.

चालवायची की मांडायची?

हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारतो. उत्तर "दोन्ही" असेल तर पुढचं नीट वाचा.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. म्हणजे १९७५ ची पद्मिनी नुकतीच या पंगतीत बसली. ही नोंदणी दहा वर्षांची असते. नवीन नंबर घेतला तर त्यात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीच नोंदवलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. एमएच ०९ च्या आधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर तो सांभाळाच.

अडचण दोन ठिकाणी येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी या नोंदणीत बसत नाही. आणि व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. दर रविवारी घरच्यांना घेऊन पन्हाळ्याला जायचं असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा. तिचं दर पाच वर्षांनी पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, करावं लागतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना आम्ही हेच सुचवतो. गाडी चालती राहिली की तिची तब्येतही बरी राहते. शाही दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा लोक तिला डोळे भरून बघतात. ती चालत येते म्हणून तर!

पत्रा

सगळ्यात जास्त वेळ, पैसा आणि वाद इथेच होतात.

या गाडीला खाली वेगळी चासी नाही. फ्लोअर, दाराखालचे पट्टे आणि खांब मिळून जो सांगाडा होतो, तीच तिची चासी. त्यामुळे दाराखालचा पट्टा गंजला तर तो दिसण्यापुरता गंज नसतो. दार उघडताना खाली लोंबतं, जॅक लावला की पत्रा आत जातो. कोकणात किंवा मुंबईत वाढलेली गाडी असेल तर हे गृहीतच धरा.

घरी करून बघायला एक सोपी परीक्षा आहे. फ्रिजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळा आणि दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, डिकीचा तळ यांवरून फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टीचा भराव आहे. एकदा एक गाडी आमच्याकडे आली, बाहेरून आरशासारखी. चुंबक दाराच्या खालच्या भागाला चिकटायलाच तयार नव्हतं. खरवडल्यावर लांबीचा बोटभर थर निघाला आणि त्याच्या आत वर्तमानपत्राचा बोळा. मालकांनी त्या रंगाचे पैसे वर्षापूर्वीच मोजले होते.

आम्ही गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडतो. जोडण्याआधी दारं जागेवर बसवून फटी बघतो आणि सांगाड्याला आतून टेका देतो. असं केलं नाही तर गाडी पिळवटते. चासी नंबर ठोकलेल्या पत्र्याला आम्ही कापत नाही, घासत नाही. पासिंगला त्याचीच पेन्सिल प्रिंट लागते. तो नंबर पुसट झाला की तुमच्या आरटीओच्या फेऱ्या सुरू होतात.

इंजिन

त्या मानाने सोपं. बोअर, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग ही कामं ठरलेली आहेत. पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्ह सीटची झीज रोखायचं; ते पेट्रोल २००० साली बंद झालं, म्हणून हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या घालून घ्या. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. जुना रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा (डायफ्रॅम) त्याने फुगतात, तडकतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. पाइप आणि पडदा आम्ही न विचारता बदलतो. बिलात ती ओळ दिसेल.

हौसेचे बदल

आमचा एकच नियम आहे: बोल्टवर बसलं पाहिजे आणि बोल्टवरच निघालं पाहिजे. डायनॅमोच्या जागी ऑल्टरनेटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, सीट बेल्ट, जुन्या रेडिओच्या चेहऱ्यामागे ब्लूटूथ, हे आनंदाने करतो. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात परत देतो. उद्या व्हिंटेज नोंदणी करायची झाली किंवा स्पर्धेत मांडायची झाली तर ते खोकं लागेल. परीक्षक मूळपणाला गुण देतात.

बॉनेट कापून दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवणं आम्ही करत नाही. आरसीतल्या तपशिलाशी गाडी जुळत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला ते चालत नाही. एसी बसवता येतो. पण चाळीसेक हॉर्सपॉवरच्या इंजिनावर एसी लावून गगनबावड्याचा घाट चढायचा म्हणजे दुसऱ्या गिअरची सवय हवी.

आता रंग. मूळ छटा हवी असेल तर डॅशबोर्डच्या मागे किंवा डिकीच्या आतल्या बाजूला ती बहुधा सापडते. तिथून नमुना घेऊन जुळवतो. आरसीवरचा रंग बदलणार असाल तर आधी आरटीओत नोंद करा.

खर्च

पत्रा उघडल्याशिवाय आम्ही एकूण आकडा सांगत नाही. आधी फक्त तपासणीचे पैसे घेतो. पुढे टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याचे फोटो देऊन. पूर्ण कामाला आठ ते दहा महिने धरा. लग्नाची वरात काढायची म्हणून तारीख देणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

गाडी आणताना

आरसी, विम्याचा कागद आणि गाडीचे जुने फोटो असतील ते आणा. आजोबांच्या मागे गाडी उभी आहे असा एखादा लग्नातला फोटोसुद्धा चालतो. मूळ हब कॅप कोणते होते हे त्यातूनच कळतं. गाडी बरीच वर्षं उभी असेल तर बॅटरी लावून स्टार्टर मारू नका. सिलिंडर धरलेले असतील तर रिंगा तुटतात. प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे ऑइल सोडा, प्लग हलके लावून ठेवा आणि गाडी टेम्पोवर घालून पाठवा.