वाकड्या हाडातली सरळ वाट

कमरेच्या हाडाचा नमुना हातात घेऊन फिरवून बघा. एक बाजू सपाट सापडणार नाही. वर पंख्यासारखा पसरलेला पातळ पत्रा, खाली बसायचा जाड गड्डा, पुढे जांघेकडे वळलेली कमान आणि या तिघांच्या मधोमध एक खोलगट वाटी. मांडीच्या हाडाचा गोळा याच वाटीत फिरतो. शाळेत शिकलेला 'उखळीचा सांधा' तो हाच.

आपल्याकडे 'आजीचा खुबा मोडला' असं म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा मोडलेलं असतं ते मांडीच्या हाडाचं वरचं टोक. इथे गोष्ट वाटीची आहे. गाडीच्या धडकेत गुडघा डॅशबोर्डवर आपटतो आणि मांडीचं हाड मुसळासारखं उखळीवर बसतं, तेव्हा ही वाटी तडकते. म्हातारपणी हाड ठिसूळ झालं की नुसतं कुशीवर पडणंही पुरतं.

या वाटीकडे कसं बघायचं हे फ्रान्सच्या रॉबर्ट ज्युडे आणि एमिल लेतुर्नेल यांनी शिकवलं. वाटी दोन खांबांच्या बेचक्यात बसली आहे, पुढचा खांब आणि मागचा खांब, अशी त्यांची मांडणी. 1964 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी फ्रॅक्चरचे 10 प्रकार पाडले. आजही सर्जन त्याच भाषेत बोलतात. त्यांचा उपाय होता: मोठा छेद, स्नायू बाजूला, हाड डोळ्यांसमोर, मग प्लेट आणि स्क्रू. तुकडे फार सरकले असतील तर आजही तेच करावं लागतं. पण त्यात रक्त बरंच जातं, आणि मागून गेलं तर पायाचा मोठा मज्जातंतू, सायटिक, अगदी हाताशी असतो.

तुकडे फारसे सरकलेले नसतील, किंवा बाहेरूनच नीट बसवता येत असतील, तर दुसरा मार्ग आहे. कातडीला एखाद-दोन सेंटिमीटरचा काप द्यायचा, बारीक तार हाडाच्या पोटातून पुढे सरकवायची आणि तिच्यावरून पोकळ स्क्रू ओवायचा. स्क्रू साधारण 6.5 किंवा 7.3 मिलिमीटर जाडीचा, लांबी मात्र कधीकधी 10 सेंटिमीटरच्याही पुढे. अडचण एवढीच की स्क्रू सरळ आणि हाड वाकडं.

म्हणून खरं काम सुरीच्या आधी होतं. सीटी स्कॅनवरून कॉम्प्युटरवर हाड उभं करायचं, खांबाच्या आतून एक काल्पनिक सळई घालायची आणि ती कुठूनही बाहेर न डोकावता किती जाड करता येते ते पाहायचं. मागचा खांब त्या मानाने उदार आहे. बसायच्या गड्ड्यातून शिरून वाटीच्या मागून वर जाता येतं. पेशंटला उताणं ठेवून मांडी पोटाकडे दुमडली की झालं. पुढचा खांब कंजूष. वाटीच्या वरून जांघेच्या कमानीत उतरताना हाड वळतं आणि निमुळतं होतं. पुढून पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात. कमानीच्या मागच्या अंगाला काही जणांत रक्तवाहिन्यांचा एक जोड असतो, त्याचं वैद्यकातलं नावच 'मृत्यूचा मुकुट'. आणि खाली, अगदी लागून, सांधा. स्क्रूचा आटा तिथे डोकावला तर दर पावलाला तो कूर्चा खरवडणार.

बायकांमध्ये ही वाट सहसा पुरुषांपेक्षा अरुंद असते. लहान चणीच्या बाईच्या कमानीत 7.3 चा स्क्रू मावेलच असं नाही, 4.5 किंवा 3.5 वर यावं लागतं. कधी वाट पुरेशी सापडतच नाही. हे टेबलावर कळण्यापेक्षा आदल्या दिवशी स्क्रीनवर कळलेलं बरं.

ऑपरेशन थिएटरमध्ये हाड दिसत नाही, दिसते ती सी-आर्मच्या, म्हणजे पेशंटभोवती फिरवता येणाऱ्या एक्स-रे यंत्राच्या, पडद्यावरची सावली. सावली लबाड असते: एका कोनातून हाडात दिसणारी तार दुसऱ्या कोनातून बाहेर असू शकते. म्हणून पुढच्या खांबासाठी दोन तिरके कोन ठरलेले आहेत. एकात तार सांध्याच्या वर आहे ना हे दिसतं, दुसऱ्यात ती पुढे किंवा ओटीपोटाकडे फुटलेली नाही ना हे. तार थोडी सरकवायची, फोटो. पुन्हा सरकवायची, पुन्हा फोटो. आता 3डी प्रिंटरवर त्याच पेशंटच्या हाडाची प्रतिकृती काढून आधी हात बसवता येतो, काही ठिकाणी नेव्हिगेशनही असतं, म्हणजे तार हाडात कुठे आहे ते कॉम्प्युटर दाखवतो. मला यात एकच धोका वाटतो, छोट्या कापाचं कौतुक. वाटीच्या पृष्ठभागात 2 मिलिमीटरची पायरी राहिली तरी सर्जन अस्वस्थ होतो, कारण सांधा लवकर झिजू शकतो. तुकडे जुळत नसतील तर मोठा छेद घ्यायलाच हवा.

पेशंटला मात्र दोन-तीन टाकेच दिसतात, आणि तिसऱ्या दिवशी तो विचारतो, 'आता चालू ना?' त्या पायावर पूर्ण भार टाकायला बहुतेकांना 6 ते 12 आठवडे थांबवलं जातं. काप लहान होता म्हणून हाड काही लवकर जुळत नाही.