वळणावरची पकड: स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर आणि गाडीचा सांगाडा

वळणावर गाडी कमी कलली म्हणजे ती रस्ता चांगला धरते, असं बहुतेकांना वाटतं. म्हणून गाडीत सुधारणा करायची ठरली की पहिली मागणी कडक आणि आखूड स्प्रिंगांची असते. मला हा क्रमच उलटा वाटतो. त्याचं कारण टायरमध्ये आहे.

चारही टायर मिळून रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम चार तळहातांएवढा असतो. गाडीला वळवणारं, थांबवणारं, पळवणारं सगळं बल तेवढ्याशा रबरातून जातं. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, काहीशी कमीच वाढते. वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो, पण आतल्या टायरने गमावलेली पकड बाहेरच्याला पूर्ण भरून काढता येत नाही. चाकांच्या एका जोडीत भार जितका असमान, तितकी त्या जोडीची एकूण पकड कमी.

किती भार सरकतो? समजा गाडी १२०० किलोची आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमध्ये दीड मीटर अंतर आहे. वळणावरचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या निम्मं असेल, तर साधारण २२० किलो भार आतून बाहेर जातो. या हिशेबात वस्तुमान, उंची, रुंदी आणि त्वरण आहे. स्प्रिंग कुठेच नाही. कडक स्प्रिंगांनी गाडी कमी कलेल, पण भार जवळजवळ तेवढाच सरकेल. कलल्यामुळे गुरुत्वमध्य किंचित बाहेर जातो, त्याचा फरक किरकोळ असतो.

कडकपणा बदलतो ती त्या २२० किलोंची पुढच्या आणि मागच्या जोडीतली वाटणी. जी जोडी जास्त ताठ, ती भाराचा मोठा वाटा घेते आणि तिची पकड आधी सुटते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांचं वजनही पुढेच जास्त असतं, म्हणून जोरात वळताना त्यांचं नाक वळणाच्या बाहेर जायला बघतं. अशा गाडीत मागचा अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारा पोलादी दांडा, जाड केला की मागची जोडी जास्त वाटा उचलते, पुढच्या टायरांना उसंत मिळते आणि नाक आत येतं. बारची पिळाला विरोध करण्याची ताकद मात्र व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. २० मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा बार घातला तर जाडी दहा टक्केच वाढते, ताठपणा तब्बल ४६ टक्के. इथे हात आखडता ठेवायलाच हवा, कारण अति झालं तर ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू निसटते. नाक बाहेर गेलं तर वेग कमी करून सावरता येतं. शेपूट सुटली तर सावरायला सराव लागतो. कारखान्यातून गाड्या नाक बाहेर टाकणाऱ्या निघतात, त्या मुद्दामच.

आता स्प्रिंग. प्रवासी गाडीचं अंग स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण १ ते १.५ वेळा हेलकावतं. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या मॉरिस ऑली या अभियंत्याने दाखवलं, की मागच्या हेलकाव्याचा वेग पुढच्यापेक्षा थोडा जास्त ठेवावा. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो. उशिरा सुरू झालेला मागचा हेलकावा मग पुढच्याला गाठतो आणि गाडी नाक-शेपूट आपटत राहत नाही. नुसत्या पुढच्या स्प्रिंग कडक केल्या की हे गणित मोडतं.

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत फेकते. ती जिरवण्याचं काम शॉकअब्सॉर्बरचं: आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि हालचालीची उष्णता होते. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर हेलकाव्याचा वेग सुमारे १.४ पट होतो, आणि मूळच्या, त्यातही थकलेल्या शॉकअब्सॉर्बरला तो आवरत नाही. चाक रस्त्यावरून उडू लागतं. हवेतल्या टायरला पकड नसते, मग गाडी कितीही सपाट वळत असो. म्हणून माझ्या मते पहिला खर्च चांगल्या टायरांवर, दुसरा शॉकअब्सॉर्बरवर आणि तिसरा लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या, सांध्यांतल्या रबरी बुशांवर व्हावा. झिजलेल्या रबरी बुशामुळे ब्रेक दाबताच चाकाचा कोन बदलतो आणि चालकाला वाटतं, स्टिअरिंगच ढिलं आहे.

गाडी खाली बसवण्याबद्दलही सावध राहावं. गुरुत्वमध्य खाली येतो, हा फायदा खरा. पण पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब, असलेली गाडी फार खाली आणली की लोअर आर्म चाकाकडे वर चढलेला राहतो. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली सरकतो, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ उलट लांबते. स्प्रिंगची चालही उरत नाही. वळणाच्या मध्येच बंपस्टॉप, म्हणजे चाल संपल्यावर अडवणारा ठोकळा, लागला, तर ताठपणा क्षणात अनेक पटींनी वाढतो आणि त्या टायरची पकड तुटते.

सांगाड्याचा प्रश्न इथेच येऊन भिडतो. पुढच्या-मागच्या ताठपणाची वाटणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचवतो तो गाडीचा सांगाडा. तोच पिळला जात असेल तर मागे बसवलेल्या जाड बारचा परिणाम पुढे अर्धवटच पोचतो. सांगाडा हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, फक्त तिला शॉकअब्सॉर्बर नाही. बुटांचा खोका झाकणाशिवाय पिळून बघा आणि मग झाकण चिकटवून. बंद पेटीचं बळ हातालाच कळतं. १९२२ मध्ये दाखवलेल्या लान्सिया लॅम्ब्डा या गाडीने वेगळी चौकट सोडून बॉडीलाच भार पेलायला लावलं. १९६२ मध्ये लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याच्या लोटस २५ या शर्यतीच्या गाडीने नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याची बंद रचना फॉर्म्युला वनमध्ये आणली. ती हलकीही होती आणि कितीतरी ताठही.

इंजिनावरून जाणारा स्ट्रट ब्रेस दोन स्ट्रटची माथी एकमेकांपासून हलू देत नाही. संपूर्ण गाडीचा पीळ तो फारसा रोखत नाही. त्याचा दांडा सरळ हवा. इंजिनाला वळसा घालणारा वाकडा किंवा टोकांना बिजागरी असलेला ब्रेस भार येताच लवतो. खालच्या बाजूचे, तिरके, त्रिकोण साधणारे ब्रेस जास्त कामाचे, कारण चौकोन तिरपा होऊ शकतो, त्रिकोण बाजू ताणल्याशिवाय होत नाही. बंद छताच्या नव्या गाड्यांत चिकटवलेली पुढची काचही ताठपणात भर घालते, तिथे ब्रेसचा फायदा स्टिअरिंगच्या नेमकेपणात जाणवेल, पकडीत थोडाच. छत नसलेल्या किंवा जुन्या गाडीत तो स्पष्ट कळतो. यामाहाने तर ब्रेसमध्येच शॉकअब्सॉर्बर बसवला: सांगाड्याचं बारीक थरथरणं त्यात जिरतं.

यातलं काहीही बदललं, विशेषतः उंची, तर व्हील अलाइनमेंट नव्याने करावंच लागतं. उंचीबरोबर स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या टाय रॉडचा कोन बदलतो, चाकं किंचित आत किंवा बाहेर बघू लागतात, आणि सुधारणेसाठी घेतलेले नवे टायर काही हजार किलोमीटरमध्ये एका कडेने झिजून जातात.