हुंडा आणि स्त्रीधन: सोनं तेच, पण कुणाचं?

याद्यांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आम्हाला काही नको, तुमच्या मुलीच्या अंगावर काय घालायचं ते घाला." ऐकून माहेरची माणसं सुखावतात. लग्न होतं, सत्यनारायण होतो आणि सासूबाई पाटल्या, हार, तोडे उतरवून घेतात, "जपून ठेवते गं" म्हणून. ते कपाट मग पुढे कित्येक वर्षं मुलीला उघडता येत नाही. हे सोनं हुंडा होतं की स्त्रीधन? बहुतेक घरांत हा प्रश्न संसार मोडायला आला की मगच निघतो, याचं मला फार वाईट वाटतं.

स्त्रीधन ही कल्पना जुनी आहे. मनुस्मृतीत त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्रीय टीकाग्रंथात विज्ञानेश्वरांनी त्याची व्याप्ती बरीच वाढवली. आज त्याचा अर्थ सरळ आहे. लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर बाईला माहेरून, सासरहून, मैत्रिणींकडून जे मिळालं ते तिचं. रुखवतातली भांडी तिची, आहेरही तिचा. सासरने घातलेले दागिनेसुद्धा साधारणपणे तिचेच धरले जातात, हे अनेकींना ठाऊकच नसतं. ते विकावं, गहाण ठेवावं की लेकीला द्यावं, हे तिनं ठरवायचं. प्रतिभा राणी खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सासरी ठेवलेलं स्त्रीधन ही विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. ती परत न देणं हा गुन्हेगारी विश्वासघात ठरू शकतो. 2024 मध्येही याच न्यायालयाने म्हटलं की स्त्रीधन नवरा-बायकोची सामायिक मालमत्ता होत नाही. अडचणीत नवऱ्याने ते वापरलं, तर परत करण्याचं नैतिक बंधन त्याच्यावर असतं.

हुंडा म्हणजे लग्नाच्या संबंधात एका पक्षाने दुसऱ्याला दिलेलं, किंवा द्यायचं नुसतं कबूल केलेलंही. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात घेणं आणि देणं दोन्ही गुन्हे आहेत. वरदक्षिणा म्हणा, मानपान म्हणा, जावयाची गाडी म्हणा, नाव बदलल्याने काही बदलत नाही. मुस्लिम लग्नातला मेहर मात्र या व्याख्येत येत नाही. तो नवऱ्याने बायकोला द्यायचा असतो.

आता गुंता इथे होतो. हुंडा म्हणून घेतलेली वस्तूसुद्धा घेणाऱ्याची होत नाही. याच कायद्याचं कलम 6 सांगतं की बाईऐवजी दुसऱ्या कुणी हुंडा घेतला असेल, तर त्याने तो तीन महिन्यांच्या आत तिच्या स्वाधीन करायचा, आणि तोवर तिच्यासाठी सांभाळायचा. म्हणजे मागून घेणारा गुन्हेगार, आणि घेतलेलं सोनं तरीही तिचंच! "तो हुंडा होता, तुझा काय संबंध?" असं कुणी म्हणालं, तर ते साफ चूक आहे.

मागणी नसताना दिलेल्या भेटींना कायदा मोकळीक देतो, पण त्यांची यादी हवी. आपल्या बैठकीतली याद वेगळी: तिच्यात काय द्यायचं ते ठरतं, आणि "लग्नासाठी हे हवं" असं तिच्यात आलं की तो हुंड्याचाच पुरावा होतो. कायद्याची यादी मिळालेल्या भेटींची असते. 1985 च्या नियमांप्रमाणे तिच्यात वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, आणि वधू-वर दोघांनी सह्या करायच्या. वधूच्या भेटींची यादी वधूकडेच राहते. फोटोवाल्यावर आपण एवढा खर्च करतो. हा एक कागद का करत नाही?

आणखी एक गैरसमज मला सगळ्यात जास्त छळतो: "तिचा वाटा लग्नातच दिला." पुढे भाऊ हक्कसोडपत्र समोर ठेवतो, तेव्हा हेच वाक्य येतं. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी मुलाइतकीच जन्मतः हक्कदार आहे. हुंड्यात गेलेले पैसे तर तिच्या हातातही पडलेले नसतात, मग तो तिचा वाटा कसा? आणि अंगावर घातलेलं सोनं स्त्रीधन असलं, तरी जमिनीतला तिचा हिस्सा त्याने फिटत नाही.